दादरमधल्या सहा वर्षांच्या मांजरीसाठी निवारा किंवा घर हवं आहे, कुठे चौकशी करावी?

वाळूचा किल्ला

नमस्कार मंडळी. पाळीव मांजर कायमची ठेवून घेणारी, विश्वासाची संस्था मुंबईत कोणाला माहीत आहे का?

आमची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिनाअखेर सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या आहेत. शेजारच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे मनी नावाची सहा वर्षांची मांजरी आहे. करडी, अंगावर पट्टे, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी दिलेल्या. आजींना प्रभादेवीला भाड्याची जागा मिळाली आहे, पण एजंट म्हणतो मालकाला जनावर चालणार नाही. मुलगी ठाण्याला असते, तिच्या धाकट्याला दमा आहे. माझ्याकडे कुत्रा आहे आणि त्याचं मांजरांशी अजिबात पटत नाही, नाहीतर मी विचारलंच नसतं.

मनी लाजरी आहे. नवं माणूस दिसलं की फ्रिजवर चढून भिंतीकडे तोंड करून बसते. आजींनी हाक मारली की मात्र खाली. आजी रोज जिन्यात भेटल्या की विचारतात, "काही कळलं का गं?" मला त्यांना खरं आणि उपयोगाचं काहीतरी सांगायचं आहे. मदत करा.

टपोरी चहा

परळचं बैलघोडा हॉस्पिटल. दादरहून जवळच आहे.

परळकर

टपोरी चहा, बैलघोडा म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट हॉस्पिटल. १८७४ साली स्थापन झालेली बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था ते चालवते. आमच्या घरातली सगळी जनावरं तिथेच दाखवली आहेत. पण ती मुख्यतः उपचारांची जागा आहे. अपघात झालेली, आजारी, जखमी जनावरं तिथे सतत येत असतात. ठणठणीत मांजरीला तिथे का ठेवायचं? रस्त्यावर गाडीखाली आलेलं मांजर दिसलं तर पहिलं तिथे न्या. मनीसाठी ती जागा नव्हे.

माऊमावशी

वाळूचा किल्ला, तुम्ही आजींसाठी एवढी धडपड करताय हे वाचून बरं वाटलं. मी बरीच वर्षं बेवारस मांजरं तात्पुरती घरी ठेवून त्यांना घरं शोधून देते. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगते: निवारा शोधू नका, घर शोधा.

का ते सांगते. मुंबईत मांजरांसाठी काम करणाऱ्या चांगल्या संस्था आहेत आणि त्यातली माणसं जीव तोडून राबतात. पण जागा कुठे आहे? उन्हाळ्यापासून पिल्लांची रांग लागते. कोणी खोक्यात घालून गेटवर ठेवून जातं, कोणी वॉचमनच्या हातात देऊन निघून जातं. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे कितीही पिंजरे वाढवले तरी पुरत नाहीत.

दुसरं म्हणजे रोग. पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणू मांजरांच्या वस्तीत शिरला की लस न दिलेली पिल्लं पटापट जातात. जमिनीवर, भांड्यांत, कपड्यांवर तो महिनोन् महिने टिकतो. साध्या साबणाने जात नाही, ब्लीचने पुसावं लागतं. मनीला लसी आहेत म्हणून तिला त्याचा धोका कमी. पण सर्दी, शिंका, डोळे गळणं हे गर्दीत ताणामुळे लसीकरण झालेल्या मांजरांनाही होतं.

आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त टोचणारं. सहा वर्षं एका माणसाच्या उशाशी झोपलेली मांजरी पिंजऱ्यात कोपऱ्याला तोंड करून बसते. न्यायला आलेली माणसं खेळकर पिल्लू बघतात आणि पुढे जातात. लाजऱ्या मोठ्या मांजराचा नंबर लागतच नाही. म्हणून तिला आजींच्याच घरातून थेट दुसऱ्या घरात जाऊ दे. आजींच्या घरात ती जशी आहे तशी दिसेल, पिंजऱ्यात दिसणार नाही.

कोकणचा बोका

एवढा विचार कशाला करता? मांजर कुठेही जगतं. भाऊच्या धक्क्यावर नाहीतर ससून डॉकला सोडा, आयुष्यभर मासे खाईल. आमच्या गावाला मांजरं अशीच जगतात.

कोळीवाडा एक्सप्रेस

कोकणचा बोका, मी ससून डॉकच्या आजूबाजूलाच वाढलोय, म्हणून सांगतो. धक्क्यावरची मांजरं तिथेच जन्मलेली असतात. कोणत्या टोपलीजवळ बसायचं, कोणती मावशी हाकलते, कोणती कोलिमाचा गोळा टाकते, कुत्रे कुठून येतात, गाड्या कधी लागतात, हे सगळं त्यांना पिल्लू असल्यापासून ठाऊक असतं. प्रत्येकाची हद्द ठरलेली. बाहेरून कोणी घरातलं मांजर आणून सोडलं की आधीचे बोके त्याला फोडून काढतात. ते बिचारं बर्फाच्या क्रेटमागे नाहीतर ट्रकच्या चाकामागे दडून बसतं आणि माशांकडे फिरकतसुद्धा नाही. गळ्यात पट्टा असलेली अशी मांजरं पाहिली आहेत. लोक गाडीतून येतात, पिशवी मोकळी करतात आणि जातात. आमच्या घरच्या बायका त्यांना भात घालतात, पण सगळी हाती लागत नाहीत.

रानवारा

+१ कोळीवाडा एक्सप्रेस. शिवाय हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६०, कलम ११. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर टाकून देणं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती, रक्कम मात्र आजही तीच आहे. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कोकणचा बोका

कोळीवाडा, तुम्ही सांगितलेलं माहीत नव्हतं. गावाला घराभोवती वाडी असते, मांजर तिथल्या तिथेच असतं. धक्क्याचं मागे घेतो. गावाला आईला विचारू का? उंदीर भरपूर आहेत, जागाही आहे.

माऊमावशी

बोकोबा, मन चांगलं आहे तुमचं. पण जन्मभर घरात राहिलेल्या मांजरीला वाडीत मोकळं सोडलं तरी तेच होईल. निदान दोन-तीन आठवडे घरात कोंडून ठेवून, तिथेच खायला घालून, तिथला वास तिच्या अंगवळणी पडू द्यावा लागतो. नाहीतर ती जुनं घर शोधत निघते. आईंना हे जमणार असेल आणि मनीला रात्री घरातच घेणार असतील तर नावं यादीत ठेवू. पण आधी मुंबईतच बघू या, म्हणजे आजींना अधूनमधून भेटता येईल.

पार्लेकर काकू

माझा एक प्रश्न. घरमालकाला कोणी प्रत्यक्ष विचारलंय का, की एजंटनेच परस्पर सांगितलं? एजंटला भानगड नको असते, तो सगळ्यांनाच नाही म्हणून मोकळा होतो. आमच्या भाचीला असंच झालं होतं. तिने मालकिणीला घरी बोलावून मांजर दाखवलं, भिंती-पडद्यांचं नुकसान झालं तर डिपॉझिटमधून कापा असं लिहून दिलं, आणि बाई हो म्हणाल्या.

सोसायटीचा नियम असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी.

सायनवाला वकील

काकूंचं बरोबर आहे, फक्त एक फरक लक्षात घ्या. सोसायटी वेगळी आणि घरमालक वेगळा. मालक लीव्ह अँड लायसन्सच्या करारात अट घालू शकतो आणि आजींनी सही केली तर ती त्यांच्यावर बंधनकारक होईल. म्हणून करार व्हायच्या आधी बोला. करार होऊन गेला असेल तर लपवून मांजर नेऊ नका. भर पावसात घर सोडायची वेळ आजींवर यायला नको.

वाळूचा किल्ला

काकू, खरंच एजंटनेच सांगितलंय! करार अजून झालेला नाही. उद्याच आजींच्या मुलीला मालकाशी बोलायला सांगते.

गोड शिरा

थोडं अवांतर. माझ्या नणंदेला दिवस गेलेत आणि सासूबाईंनी तिची मांजर 'सोडून या' म्हणून घर डोक्यावर घेतलंय. डॉक्टरांनी म्हणे मांजरापासून बाळाला धोका सांगितला. खरं आहे का हे? की तिच्यासाठीही घर शोधू?

निशिगंध

गोड शिरा, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की नीट लिहिते.

भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण तो मांजरीच्या अंगावरून, कुरवाळल्याने येत नाही, विष्ठेतून येतो. मांजरीला पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडेच तो विष्ठेत पडतो आणि बाहेर पडल्यावर निदान एक दिवस तरी त्याला लागण करण्याजोगं व्हायला लागतो. म्हणजे मांजराची माती रोजच्या रोज बदलली तर धोका खूपच कमी. ती माती नणंदेने बदलू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बदलावी. मांजरीला कच्चं मटण देऊ नये. आणि अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर-पालक, कुंड्यांतली माती, यांच्याकडे मांजरीइतकंच लक्ष द्या. तिथून लागण होण्याची शक्यता कमी नाही. नणंदेची रक्त तपासणी करायची का हे तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मांजर सोडायची गरज नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा, हवं तर.

गोड शिरा

निशिगंधताई, शतशः आभार. वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग माती त्यालाच बदलू दे," आणि बोट माझ्या नवऱ्याकडे. मांजर राहणार!

टपोरी चहा

नवरा कोणाच्या बाजूने आहे? :)

गोड शिरा

नवरा मांजरीच्या बाजूने आहे, आधीपासूनच.

पशुवैद्य भांडुप

मूळ विषयाकडे येतो. मनी कुठेही गेली तरी काही गोष्टी सांभाळा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: ती खाते की नाही ते बघा. मोठी मांजरं जागा बदलली की खाणं सोडतात. माणसासाठी दोन दिवसांचा उपास काही नाही, पण मांजरीने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. जाडजूड मांजरींना जास्त धोका. चोवीस तास काहीच तोंडात घेतलं नाही तर 'रुळेल हळूहळू' म्हणत बसू नका, डॉक्टरला फोन करा. खाणं आजींकडे मिळतं तेच द्या, त्याच वाटीत. भुकेला जोर यावा म्हणून थोडा जवळा कोमट पाण्यात भिजवून वर घातला तर बऱ्याच मांजरी उठून येतात. मीठ लावलेला नको. दूध तर नकोच, मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.

दुसरी, जाळी. फ्लॅट कितव्याही मजल्यावर असो, खिडक्या आणि गॅलरी बंद हव्यात. कबुतरामागे झेप घेऊन पडलेली मांजरं माझ्याकडे दर महिन्याला येतात. साधी नायलॉनची कबुतरजाळी मांजर कुरतडते, जाड दोऱ्याची किंवा तारेची बसवा. घर बघायला जाल तेव्हा गप्पा मारायच्या आधी खिडक्या बघा.

तिसरी, औषधं. मांजर गरम लागली म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कोणी देऊ नये. अर्धीही नाही. मांजराला ती विष आहे.

माऊमावशी

डॉक्टर, जवळ्याचं शंभर टक्के. आमच्याकडे तीन खोल्यांपलीकडे वास जातो आणि पलंगाखालचे पाहुणे हजर.

वाळूचा किल्ला, आता जाहिरात कशी लिहायची ते सांगते, कारण सगळं इथेच अडतं. लोक वरून काढलेला फोटो टाकतात, त्यात डोळे चमकलेले आणि मागे कपड्यांची दोरी. तुम्ही जमिनीवर बसा, सकाळी खिडकीच्या उजेडात, मनीच्या डोळ्यांच्या पातळीवर मोबाइल धरा. एक फोटो चेहऱ्याचा, एक आजींच्या मांडीवरचा. मजकूर खरा लिहा. 'अतिशय प्रेमळ, सगळ्यांशी मिसळते' असं लिहिलंत तर नेणारा दुसऱ्याच दिवशी परत आणेल. 'लाजरी आहे, आठवडाभर पलंगाखाली बसेल, मग रात्री पायाशी येऊन झोपेल' असं लिहा. हे वाचून जो फोन करेल तोच तिचा माणूस.

'फुकट देणे आहे' हे शब्द नकोत. न्यायला कोणीही येतं, पुढे काय होतं कळत नाही. आधी फोनवर बोला, मग त्यांच्या घरी जाऊन या, घरातल्या सगळ्यांना भेटा. एकाला हवी आणि दोघांना नको असेल तर देऊ नका. छोटा दत्तक फॉर्म भरून घ्या. त्यात एक ओळ हवीच: जमलं नाही तर मांजर परत तुमच्याकडेच येईल, रस्त्यावर नाही. वर्ल्ड फॉर ऑल ही मुंबईतली संस्था दत्तक मेळावे भरवते, जाहिरातीसाठी त्यांनाही लिहा. मेळाव्याच्या गोंधळात मात्र मनीला नेऊ नका, फोटोच चालेल.

रानवारा

आणि पुनर्विकासवाल्या सगळ्याच इमारतींना सांगावंसं वाटतं: घरातल्या मांजरीची तरी कोणी चौकशी करतं, पण जिन्याखालच्यांचं काय? आमच्या लालबागच्या चाळीत माणसं गेली, पत्रे लागले आणि आत मांजरं राहिली. जेसीबी आला तेव्हा मुलं रात्री बॅटरी घेऊन त्यांना बाहेर काढत होती. आधीच महिना-दोन महिने त्यांना खाणं हळूहळू शेजारच्या गल्लीकडे सरकवत न्यायला हवं होतं, रोज थोडं थोडं. आणि नसबंदी. फेलाइन फाउंडेशनसारख्या संस्था भटक्या मांजरांची पकडून नसबंदी करून त्याच जागी परत सोडतात. कानाचं टोक कापलेलं दिसलं की समजायचं, झालेली आहे. इमारतीतल्या माणसांना पर्यायी जागा मिळते, तशी या जिवांचीही आठवण कोणीतरी सोसायटीच्या बैठकीत काढायला हवी. तुमच्या इमारतीत किती आहेत?

वाळूचा किल्ला

रानवारा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या अंगणात एक कुटुंब आहे, आजीच त्यांना भात-मासे घालतात. आज संध्याकाळी सेक्रेटरींशी बोलते.

मालकांचं सांगते. आजींची मुलगी त्यांना भेटली. नम्रपणे बोलले, पण नाहीच म्हणाले. त्यांच्या आईला मांजरांची फार भीती वाटते आणि त्या त्याच मजल्यावर राहतात. तेव्हा तो रस्ता बंद. आजी ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिला कुठे पाठवलं ते मला कळलं पाहिजे, एवढंच."

पार्लेकर काकू

अहो, मग मी काय म्हणते ते ऐका. आमची माई गेल्या दिवाळीत गेली, चौदा वर्षांची होती. पुन्हा पिल्लू आणायचं आम्हा दोघांचं वय नाही. वीस वर्षांची जबाबदारी कोण घेणार? पण सहा वर्षांची, शांत मांजरी आम्हाला जमेल. गॅलरीला तारेची जाळी आहे, माईच्या वेळची. इमारत उभी राहून आजी परत येईपर्यंत मनी आमच्याकडे राहू दे. तोवर आजींना वाटेल तेव्हा येऊ देत, पार्ले काही लांब नाही. आजी परतल्यावर मनीने कुठे राहायचं ते तेव्हा बघू. हे मिस्टरांना विचारूनच लिहिते आहे.

माऊमावशी

काकू!! ❤️ तरीही वाळूचा किल्ला, काकूंचं घर एकदा बघून याच. काकू रागावणार नाहीत, मला खात्री आहे.

पार्लेकर काकू

रागावू कशाला? चहाला या. आजींनाही आणा.

पशुवैद्य भांडुप

काकू, पहिले काही दिवस एकच खोली द्या. आजींची न धुतलेली चादर किंवा जुनी साडी तिच्या अंथरुणात ठेवा. मातीचा ट्रे खाण्यापासून लांब. पलंगाखालून ओढून काढू नका. तुम्ही खोलीत बसून पेपर वाचा, ती येईल. आणि वाळूचा किल्ला, नेण्याच्या दिवशी धरपकड नको. झाकणाची टोपली किंवा कॅरियर आजपासूनच उघडा ठेवून त्यात जेवण द्यायला लागा. टॅक्सीत वरून पातळ कपडा टाका, आणि काही झालं तरी वाटेत झाकण उघडू नका.

वाळूचा किल्ला

काकू, काय लिहू कळत नाही. रविवारी आजींना घेऊन येते. टोपली आज फ्रिजजवळ ठेवली आहे, मनी वरून बघते आहे. अंगणातल्यांसाठी सेक्रेटरी म्हणाले नसबंदीचा खर्च सोसायटी देईल, फक्त पकडायला माणसं हवीत.

कोकणचा बोका

मी येतो पकडायला. दादर मला लोकलने दहा मिनिटं.

नवीन सभासद ११

सगळा धागा वाचला. मी पण विचारू का? वडाळ्याला आमच्या पार्किंगमध्ये मांजरीने चार पिल्लं घातली आहेत, डोळे नुकतेच उघडलेत. आमच्याकडे दोघांना हवीत, घरी उचलून आणू का?

माऊमावशी

आत्ता नका हात लावू. आई जवळपास असेल तर आठ आठवडे तिच्याजवळच राहू दे, ती तुमच्यापेक्षा बरं बघते. खोका सुक्या जागी सरकवा, गाड्यांपासून लांब, आणि आईला खायला घाला. ती त्यांना दुसरीकडे हलवेल कदाचित, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवतेच. आठ आठवडे झाले की पहिली लस, तेव्हाच त्या दोघांकडे द्या. आणि पिल्लं सुटली की लगेच आईची नसबंदी, नाहीतर पावसाळ्यानंतर तुम्ही पुन्हा इथेच विचारायला याल. वडाळ्यात कोण आहे, हात वर करा.

परळकर

मी. उद्या सकाळी चक्कर मारतो, विपू (विचारपुशीतला निरोप) बघा.